अठरावा गठ्ठा

सरकारी इमारतीच्या फाटकावर उभा असलेला गार्ड सरकारचा नसतो. नोकरीच्या उत्तरार्धात हे मी इतक्यांदा लिहिलं आहे की झोपेतून उठवलं तरी कलम घडाघडा म्हणून दाखवीन. 'सदर कर्मचारी सर्वस्वी ठेकेदाराचे असतील. त्यांचा या कार्यालयाशी कोणत्याही प्रकारचा संबंध राहणार नाही.' टेंडरमध्ये ते इंग्रजीत असायचं, पण अर्थ हाच. सिल्वासात केंद्र सरकारचं एक कार्यालय आहे, तिथे मी मोठा बाबू होतो. साहेब लोक दोन-तीन वर्षांनी बदलून जात, मी मात्र कोकणातून आलो तो तिथेच मुरलो. इमारतीच्या सुरक्षेचं टेंडर काढणं हे माझ्याकडचं काम होतं.

काम म्हणजे काय, तर मागची फाईल काढायची, तारखा बदलायच्या आणि वरून आलेली नवी कलमं मधेमधे खुपसायची. माझ्या टेंडरवर ऑडिटवाल्यांनी कधी बोट ठेवलं नाही, ही माझी आयुष्यातली एकमेव कीर्ती. घरी बायकोला मी ते इतक्यांदा ऐकवलं होतं की नंतर नंतर ती मी तोंड उघडायच्या आधीच हात जोडायची.

ठेकेदार बदलायचा, पण माणसं बदलायची नाहीत. नव्या ठेकेदाराला वापीहून नाहीतर सुरतेहून एवढी माणसं आणणं परवडत नसे, आणि आम्हालाही ओळखीचे चेहरे बरे वाटत. मग महिनाअखेरीला संध्याकाळी जुना बिल्ला उसवायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच सदऱ्यावर नवा टाचायचा. कागदावर सगळे त्याच दिवशी नोकरीला लागलेले. त्या सकाळी गार्ड मंडळी एकमेकांना 'नवीन भरतीच्या शुभेच्छा' देऊन हसायची. मीही हसायचो. त्यात हसण्यासारखं काय होतं, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. आता पडतो, पण आता त्याचा उपयोग नाही.

त्या गार्डांमध्ये एक बाई होती. चोपड्याकडची. नवऱ्यामागोमाग इकडे आलेली. नवरा खडोलीच्या एका कारखान्यात, तोही ठेकेदाराच्याच हाताखाली. बाई आली तेव्हा तिशी ओलांडलेली असेल. आमच्याकडे येणाऱ्या बायकांच्या पिशव्या तपासायला दिवसपाळीला बाईमाणूस लागायचं, म्हणून तिला घेतलं आणि मग ती राहिलीच. तीन ठेकेदार झाले, चार साहेब झाले, ती आपली फाटकावर. मला भाऊ म्हणायची. सकाळी मी पाच मिनिटं उशिरा आलो तर घड्याळाकडे न बघता म्हणायची, "भाऊ, आज वहिनींनी लवकर सोडलं नाही वाटतं." मी कपाळाला आठ्या घालून आत जायचो आणि जिन्यात हसायचो.

शिकलेली नववीपर्यंत, पण अक्षर ठसठशीत. गेटवर एक मोठं रजिस्टर असायचं. पाळी सुरू झाली की त्यात नाव, वेळ आणि 'चार्ज घेतला, सर्व ठीक' असं लिहून सही करायची. बाकीचे गार्ड त्या ओळीचा पार चुथडा करत. हिची ओळ लांबूनसुद्धा वाचता यायची. एकदा मुंबईहून कोणी बडे अधिकारी आले आणि नाव न लिहिता तरातरा आत निघाले, तर हिने त्यांना फाटकावरच रोखलं. मला धावत खाली यावं लागलं. ते लालबुंद झाले होते आणि ही शांतपणे पेन पुढे करून उभी. "लिहिल्याबिगर आत नाही, साहेब. मलेच बोलनं बसतं मंग." त्यांनी शेवटी लिहिलं. मी तिला बाजूला घेऊन झापलं आणि मनातून मला तिचा अभिमान वाटला.

तिची मुलगी सहावीपर्यंत गावी आजीकडे होती, मग इकडे आली. बारावीला चांगले मार्क पडले. तिला नर्स व्हायचं होतं. इथल्या सरकारी नर्सिंग कॉलेजात स्थानिकांच्या जागा असतात, तिथे तिचा नंबर सहज लागणार होता. अडचण एकच. स्थानिक असल्याचा दाखला काढायला आई किंवा बापाच्या सलग दहा वर्षांच्या रहिवासाचा पुरावा हवा होता.

ती ज्या दुपारी माझ्या टेबलाशी आली ती मला नीट आठवते, कारण अकरा वर्षांत ती जिना चढून वर आलेली ती पहिलीच वेळ असावी. टोपी काढून काखेत धरलेली. हातात प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात घडी घालून घालून मऊ पडलेले कागद. दुसऱ्या आणि तिसऱ्या ठेकेदाराची ओळखपत्रं होती, पीएफचे कागद होते. मिळून आठ वर्षं होत होती. पहिल्या ठेकेदाराने पीएफ भरलाच नव्हता, ओळखपत्रही दिलं नव्हतं, आणि तो गाशा गुंडाळून कुठे गेला ते कोणाला ठाऊक नव्हतं. ज्या चाळीत ती तेव्हा राहायची ती पाडून तिथे गोडाऊन झालं होतं. चाळमालक म्हणाला, मी कोणाला भाड्याने ठेवलंच नव्हतं. नवऱ्याच्या हजेरीचा तर चिटोराही नव्हता.

"भाऊ, पहिली तीन वर्षं कुठं गेली माझी?" ती म्हणाली. "मी तं इथंच होती ना? तुम्ही पाहेल आहे ना मले?"

"पाहिलंय की."

"मंग तेवढं लिहून द्या."

एवढं सोपं होतं. मी तीन ओळींचं पत्र तयार केलं. सदर बाई अमुक सालापासून या कार्यालयाच्या फाटकावर सुरक्षारक्षक म्हणून काम करत आहेत, त्यांच्या विनंतीवरून हा दाखला देण्यात येत आहे. सहीसाठी साहेबांपुढे ठेवलं.

साहेब मुंबईचे. सज्जन माणूस. कधी आवाज चढवला नाही, कोणाची रजा अडवली नाही. त्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "हे उद्या लेबर कोर्टात आपल्याच तोंडावर येईल. अकरा वर्षं, एकाच गेटवर, आणि लिहून देणारे आपण. मग ती ठेकेदाराची राहिली कुठे?"

"तिला कोर्टात नाही जायचं, साहेब. मुलीला कॉलेजात घालायचंय."

"आज नाही जायचं," साहेब म्हणाले. "आणि अहो, टेंडरमध्ये संबंध नाही असं तुम्हीच लिहिता ना? मग संबंध असल्याचं पत्र मी कसं देऊ?"

माझ्याच कलमाने माझा गळा धरला. मी पत्र उचलून परत आलो.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही. माझी स्वतःची मुलगी आमच्याबरोबर सिल्वासात आली तेव्हा दहावीत होती. दोन वर्षांनी तिला इथल्या कोट्यातून प्रवेश हवा होता. तिला कोणी दहा वर्षं विचारली नाहीत. केंद्राच्या कर्मचाऱ्याची मुलगी म्हणून कार्यालयाचं एक पत्र पुरलं. ते मीच टाईप केलं, मीच सहीला ठेवलं, आणि समोरचा चहा निवायच्या आत सही होऊन परत आलं. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

बाईला काय सांगावं या विचारात दोन दिवस गेले. फाटकातून येता-जाता मी मोबाईल कानाला लावून बोलत असल्याचं नाटक केलं, हे सांगायला लाज वाटते. तिसऱ्या दिवशी मला एकदम सुचलं आणि मी स्वतःवरच खूश झालो. गेटची जुनी रजिस्टरं! स्टोअररूममध्ये लाल फडक्यात बांधून ठेवलेली होती. पहिल्या दिवसापासून तिचं नाव, तिची सही, तारीख, वेळ. साहेबांनी पत्र देण्याची गरजच नाही. नुसत्या नकला मिळाल्या की काम झालं.

आता स्टोअररूमची किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये होती. झेरॉक्स मशीन स्टोअररूमच्या दाराला लागून होतं. जेवणाच्या सुट्टीत जाऊन वीस पानं काढून तिच्या हातात दिली असती तर कोणाला कळलंही नसतं. पण मी बाबू. नियमाबाहेर कागद हलवणं मला जमत नाही. मी तिला म्हटलं, "रीतसर अर्ज करा. नकला मिळाव्यात म्हणून. आवक क्रमांक पडला की कोणाला नाही म्हणता येणार नाही." अर्जही मीच लिहून दिला. चांगला लिहिला. कोणत्या सालाची कोणती रजिस्टरं, सगळं स्पष्ट. तिने खाली सही केली, मी शिक्का मारला, क्रमांक टाकला आणि पोच तिला दिली. तिने पोच कपाळाला लावली. मी म्हटलं, अहो बाई, पोच आहे ती, प्रसाद नाही. ती हसली. घरी जाताना मला फार बरं वाटत होतं.

तो अर्ज साहेबांपुढे गेला. त्यांनी तो फेटाळला नाही. फेटाळला असता तर पुढे अपील करता आलं असतं. चार दिवसांनी त्यांनी मला बोलावून विचारलं, "गेटची रजिस्टरं किती वर्षं ठेवायची असतात?"

"तीन, साहेब."

"मग ही अकरा वर्षांची का पडून आहेत?"

खरं उत्तर असं होतं की मी आळस केला होता. त्या आळसाइतकं चांगलं काम मी त्या कार्यालयात दुसरं केलं नसेल.

"नियमाप्रमाणे छाटणी करून टाका," साहेब म्हणाले. "नाश केल्याचं प्रमाणपत्र फाईलला लावा. आणि त्या अर्जाला उत्तर छाटणी झाल्यावर पाठवा. अभिलेख उपलब्ध नाहीत म्हणून." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. जाताजाता म्हणाले, "मला वाईट वाटतंय, पण इलाज नाही." मला वाटतं त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

माझ्या हातात एक आठवडा होता. किल्ली त्याच ड्रॉवरमध्ये होती, मशीन तिथेच होतं. मी एकदा स्टोअररूममध्ये जाऊन दार लावून घेतलं आणि पहिल्या वर्षाचं रजिस्टर उघडलं. तिच्या पहिल्या दिवसाचं पान सापडलं. तेव्हा तिचं अक्षर जरा कापरं होतं. 'चार्ज घेतला' लिहून पुढे 'सर्व ठिक आहे का' असं काहीतरी लिहिलं होतं आणि ते खोडून 'सर्व ठिक' केलं होतं. मी ते पान बराच वेळ बघत बसलो. मग रजिस्टर मिटून गठ्ठ्यात ठेवलं. फाडून खिशात घालावं असं मनात आलं, नाही असं नाही. पण निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं.

मी यादी केली, गठ्ठे बांधले. गेटची रजिस्टरं, अभ्यागतांच्या वह्या, जुनी जावक, सगळं मिळून सतरा. नाश केल्याच्या प्रमाणपत्रावर 'यादीप्रमाणे सर्व अभिलेख' असं लिहून सही केली आणि ते साहेबांच्या सहीने फाईलला लागलंसुद्धा. रद्दी उचलायला टेम्पो आला तो दिवस कोरडा, धुळीचा होता. साहेब मीटिंगला दमणला गेले होते. मी गेट पास लिहिला: रद्दी कागद, गठ्ठे सतरा. टेम्पो भरून फाटकाकडे गेला आणि मी खुर्चीत येऊन बसलो. पाळी कोणाची आहे हे मला ठाऊक होतं. म्हणूनच मी खाली गेलो नाही.

दहा मिनिटांनी खालून इंटरकॉम वाजला. "भाऊ, जरा खाली या. हिशेब जुळत नाही."

आमच्याकडे नियम असा की बाहेर जाणारा माल पासाबरोबर मोजल्याशिवाय सोडायचा नाही. तिने तो मोजला होता. टेम्पोवर चढून, एकेका गठ्ठ्याला हात लावून. मी खाली पोचलो तेव्हा एक गठ्ठा तिने उतरवून केबिनच्या पायरीवर ठेवला होता. उशीर होतोय म्हणून टेम्पोवाला स्टिअरिंगवर बोटं आपटत घाई करत होता. "बेन, जवा दो ने, मोडुं थाय छे."

"पासावर सतरा आहेत," ती मला म्हणाली. "गाडीत अठरा."

"नीट मोजलेत का?"

"दोनदा."

चूक माझीच होती. बांधताना एक गठ्ठा फार जड झाला म्हणून मी त्याचे दोन केले आणि यादीत एकच राहिला. ते मी मुद्दाम केलं की माझ्या हातून झालं, हे मला आजही सांगता येत नाही. पायरीवरच्या गठ्ठ्यावर माझ्याच अक्षरातली चिठ्ठी होती. गेट रजिस्टर, आणि खाली तीन सालं. तीच तीन. अठरा गठ्ठ्यांतून तिने नेमका तो उतरवला होता. तिने त्या चिठ्ठीकडे बोट दाखवलं नाही. तिकडे पाहिलंही नाही.

"पासापेक्षा जास्त माल मले सोडता येत नाही," ती म्हणाली. "एक तं हा तुम्ही परत वर घेऊन जा. नाहीतर पास दुरुस्त करून द्या. नियमानं दोन्ही चालतं." मग टेम्पोवाल्याला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली, "पोरीचा फॉर्म भरायले अजून आठ दिवस आहेत, भाऊ."

मी वर पाहिलं. साहेबांच्या खोलीची खिडकी बंद होती. ते तिथे असते तर मला आज म्हणता आलं असतं की त्यांच्या डोळ्यांदेखत मी काय करू शकत होतो. तिथे कोणीच नव्हतं. वॉचमन तीच, बाबू मीच. तो गठ्ठा वर नेला असता तर एवढंच झालं असतं की प्रमाणपत्रावरची माझी सही खोटी ठरली असती. सगळं नष्ट केलं असं मी लिहिलं होतं आणि एक गठ्ठा शिल्लक निघाला असता. कोणी विचारलं असतं का? बहुतेक नाही. पण ऑडिटने आजवर बोट ठेवलं नव्हतं, आणि दीड वर्ष राहिलं होतं, आणि माझ्या डोक्यात त्या क्षणी दुसरं काहीही आलं नाही. माझं कारण एवढंच होतं. मोठं कारण असतं तर निदान सांगताना बरं वाटलं असतं.

मी पास घेतला. सातावर रेघ मारून आठ केला, बाजूला छोटी सही केली आणि पास तिच्याकडे दिला.

तिने तो बघितला. किती वेळ, ते मी पाहिलं नाही, कारण मी जमिनीकडे बघत होतो. मग ती केबिनमध्ये गेली, चालू रजिस्टर उघडलं आणि तिच्या त्या ठसठशीत अक्षरात लिहिलं: रद्दी, अठरा गठ्ठे, आउट. वेळ टाकली, सही केली. बाहेर येऊन हमालाला म्हणाली, "चल, चढव." गठ्ठा जड होता आणि हमाल एकटाच होता, म्हणून दुसऱ्या बाजूने तिनेच हात लावला. टेम्पो गेला. तिने फाटक ओढून घेतलं.

अर्जाचं उत्तर तिला माझ्याच हातून द्यावं लागलं. 'मागणी केलेले अभिलेख या कार्यालयात उपलब्ध नाहीत.' तिने पोचेवर सही केली आणि कागद घडी घालून त्या पिशवीत ठेवला. फॉर्मची मुदत गेली. कॉलेजची यादी लागली. मी भांडणाची वाट बघत होतो. तिने माझ्या अंगावर यावं, कार्यालयाच्या दारात चार लोकांसमोर मला शिव्या द्याव्यात, असं मला मनापासून वाटत होतं. ती रोज सकाळी तशीच उठून उभी राहायची, तशीच भाऊ म्हणायची. उशिरा आलो तर वहिनींवरून तेच बोलायची. मला ते सोसवेना. मी वेळेवर यायला लागलो.

दोनेक महिन्यांनी धीर करून मी विचारलं, "मुलगी काय करते?"

"खडोलीले लागली. धाग्याच्या कंपनीत. ठेकेदाराकडंच." रजिस्टरमध्ये रेघा आखत होती, ती थांबली. "पहिल्याच दिवशी सांगून दिलं मी तिले. रोज हजेरी लावली की तिथल्या तिथं मोबाईलमध्ये त्या पानाचा फोटो काढायचा. सुट्टीच्या दिवशी कामाले बोलावलं तं त्या दिवसाचा बी काढायचा. अन् कधी काही लागलं तं कोनाले अर्ज द्यायचा नाही."

मी मान हलवली. मी जिन्याकडे वळलो, तेवढ्यात तिने मागून हाक मारली.

"तुमच्या पोरीलेही सांगून ठेवा, भाऊ. कामी पडतं."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी फार शोधला, अजूनही शोधतो. ती मला खरंच सांगत होती.